उंट, सुईचं नाक आणि आपण

परदेशात संसार थाटलेल्या मराठी माणसाची चर्चशी पहिली ओळख बहुधा तळघरातून होते. गणेशोत्सव, कोजागिरी, दिवाळीचा फराळ, मुलांचे मराठीचे वर्ग हे सगळं स्वतःची वास्तू होईपर्यंत आपल्या मंडळांनी चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये केलं. खुर्च्या मांडायच्या, कार्यक्रम उरकायचा, बटाटेवड्यांचा वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि रात्री दहाच्या आत किल्ली परत करायची. वरच्या मजल्यावर दर रविवारी काय सांगितलं जातं, याची चौकशी मात्र आपण क्वचितच करतो.

त्याला कारणंही आहेत. एक म्हणजे मनातली जुनी धास्ती. धर्माचा विषय निघाला की आपल्याला धर्मांतर आठवतं, आणि मग नकोच ती चर्चा असं होतं. दुसरं म्हणजे आपल्यातले बरेचजण मिशनच्या शाळेत शिकलेले असतात. नाताळची गाणी पाठ, गव्हाणीतलं बाळ माहीत, डोंगरावरचं प्रवचन ऐकून माहीत. तेवढ्यावर आपण म्हणतो, हा धर्म आपल्याला ठाऊक आहे. पंचाईत होते ती मुलांमुळे. मैत्रिणीबरोबर एखाद्या रविवारी चर्चला जाऊन आलेली मुलगी जेवणाच्या टेबलावर विचारते, "आई, त्यांच्या पुस्तकात श्रीमंत माणूस स्वर्गात जाणार नाही असं लिहिलंय. मग बाहेर एवढ्या महागड्या गाड्या कशा उभ्या होत्या?" आणि आई बाबांकडे बघते.

प्रश्न चांगला आहे. दोन हजार वर्षं ख्रिस्ती माणसंही तो एकमेकांना विचारत आली आहेत. त्यांनी काय उत्तरं दिली, हे शेजारी म्हणून आपण समजून घ्यावं एवढ्यासाठी हा लेखप्रपंच. कुणी कुठला धर्म मानावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण पैसा, पूजा आणि श्रद्धा हे तीन विषय कुठल्या एका धर्माच्या मालकीचे नाहीत. ते आपल्याही घरात रोज बसायला असतात.

दारातला माणूस

नव्या करारातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात एक गोष्ट आहे. हे तिन्ही विषय तिच्यात एकत्र येतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

एक श्रीमंत माणूस होता. जांभळी वस्त्रं आणि तलम कपडे घालायचा, रोज मेजवानी झोडायचा. त्याच्या दारात लाजर नावाचा एक भिकारी पडलेला असे. अंगभर फोड. श्रीमंताच्या टेबलावरून पडलेल्या तुकड्यांवर तरी पोट भरावं, एवढीच त्याची इच्छा. कुत्री येऊन त्याचे फोड चाटत. दोघंही मेले. लाजर गेला थेट पूर्वज अब्राहामाच्या कुशीत, आणि श्रीमंत गेला यातनांच्या जागी. तिथून त्यानं वर पाहिलं, लाजर दिसला. तेव्हा तो अब्राहामाला काय म्हणाला? लाजरला पाठव, बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करू दे.

इथं थोडं थांबायला हवं. या माणसाला लाजरचं नाव माहीत आहे! म्हणजे दारातला माणूस त्याला कधी दिसलाच नाही, असं नव्हे. त्याला लाजर चांगला ठाऊक होता. आणि मेल्यावरसुद्धा त्याच्या लेखी लाजरचं काम एकच, आपली सेवा करणं. मजा अशी, की येशूच्या दृष्टान्तांत नाव मिळालेलं हे एकच पात्र, आणि ते नाव मिळालं भिकाऱ्याला. श्रीमंत बिननावाचाच राहिला. जगात असतं त्याच्या नेमकं उलटं.

या श्रीमंतानं चोरी केली, लाच घेतली, कुणाला लुबाडलं, असा एक शब्द गोष्टीत नाही. त्याची मिळकत कदाचित अगदी सचोटीची असेल. लाजरला त्यानं हाकलूनही लावलं नाही. आरोप एवढाच, की दार होतं, दारात माणूस होता आणि दार उघडलं नाही. अब्राहाम त्याला सांगतो की आता आपल्यामध्ये मोठी दरी आहे, ती कुणालाही ओलांडता येणार नाही. ही दरी मेल्यावर पडली असं वरवर वाटतं. नीट पाहिलं तर ती आधीपासून होतीच. फक्त तेव्हा ती उंबरठ्याएवढी होती आणि एका पावलात ओलांडता आली असती.

सुईचं नाक रुंद करण्याचे प्रयत्न

आता त्या मुलीचा प्रश्न. एक श्रीमंत माणूस येशूकडे धावत आला, सार्वकालिक जीवनासाठी काय करू असं विचारू लागला. आज्ञा सगळ्या पाळलेल्या होत्या, अगदी लहानपणापासून. येशूनं सांगितलं, असेल ते वीक, गरिबांना दे, आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून गेला, कारण मालमत्ता फार होती. मग येशू म्हणाला की धनवंतानं देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं.

हे वाक्य पचायला इतकं जड, की शतकानुशतकं लोकांनी सुईचं नाक रुंद करायचा आणि उंट बारीक करायचा प्रयत्न केला. मध्ययुगापासून भाष्यकार सांगत आले, की जेरुसलेमच्या तटाला 'सुईचं नाक' नावाची एक बुटकी दिंडी होती, आणि उंट पाठीवरचं ओझं उतरवून, गुडघे टेकून तिच्यातून जाऊ शके. कल्पना छान, प्रवचनाला सोयीची. पण अशी दिंडी होती याला पुरावा नाही. दुसऱ्या काहींनी सुचवलं, की ग्रीकमध्ये उंट आणि जाड दोर हे शब्द जवळजवळ सारखे आहेत, तेव्हा मूळ शब्द दोर असावा. दोर तरी सुईत कसा जाणार, हे त्यांनी सांगितलं नाही. यहुद्यांच्या तालमुद ग्रंथात अशक्य गोष्टीसाठी सुईच्या नाकातून जाणारा हत्ती आहे. तेव्हा अशक्य म्हणजे अशक्यच म्हणायचं होतं.

याहून महत्त्वाचं म्हणजे शिष्यांची प्रतिक्रिया. ते थक्क होऊन विचारतात, मग तारण होणार तरी कुणाचं? हे शिष्य कोळी, हातावर पोट असलेले. श्रीमंत अडकले तर यांना वाईट का वाटावं? कारण तेव्हाचा सर्वसाधारण समज असा, की पैसा म्हणजे देवाच्या मर्जीची खूण. ज्याच्यावर देव प्रसन्न त्याच्याकडे गुरं-ढोरं आणि शेती. त्यालाच प्रवेश नाही, तर आपलं काय! येशूनं तोडला तो हा समज. पैसा हे देवाचं प्रशस्तिपत्रक नाही.

तरीही बायबलमध्ये श्रीमंतांवर सरसकट फुली मारलेली नाही. जक्कय नावाचा जकातदार बुटका, गर्दीत येशू दिसेना म्हणून झाडावर चढला. येशू त्याच्याच घरी जेवायला गेला. जक्कयनं आपणहून सांगितलं, निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. त्याला सगळं वीक असं कुणी म्हटलं नाही. आणि पौलाच्या नावावरच्या पत्रात सगळ्या अनर्थांचं मूळ म्हणून सांगितलं आहे ते पैशाच्या लोभाला. लोक बोलताना 'लोभ' गाळतात आणि पैशालाच बदनाम करतात.

मिळवा, साठवा, द्या

चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्याचा लाडका झाला आणि चर्चमध्ये श्रीमंतांची गर्दी झाली. त्या काळातले दोन धर्मोपदेशक याबाबतीत फार परखड होते. एक कैसरियाचा बेसिल. त्याचं म्हणणं असं, की तुमच्या पेटीत पडून राहिलेला अंगरखा खरं तर उघड्या माणसाचा आहे. नुसतं बोलून तो थांबला नाही. शहराबाहेर त्यानं रुग्ण आणि निराधारांसाठी मोठी वसाहत उभारली. दुसरा जॉन क्रिसोस्टम. त्यानं अंत्युखियात लाजरच्या गोष्टीवर प्रवचनांची मालिकाच केली. गरिबाला न देणं ही चोरी आहे असं तो बजावत असे. पुढे तो कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला, दरबाराला अडचणीचा वाटू लागला, आणि ४०७ साली हद्दपारीत असतानाच वारला.

आपल्यासारख्यांना अधिक जवळचा वाटेल तो अठराव्या शतकातला इंग्रज जॉन वेस्ली, मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक. पैशाच्या उपयोगावरचं त्याचं प्रवचन प्रसिद्ध आहे. त्याची तीन सूत्रं अशी: जमेल तितकं मिळवा, जमेल तितकं वाचवा, जमेल तितकं द्या. पहिली दोन आपल्याला कुणी शिकवायला नकोत! खिशात मोजके डॉलर आणि बॅगेत प्रेशर कुकर घेऊन आलेल्या पिढीनं ती तोंडपाठ केलेली आहेत. खोच आहे ती तिसऱ्यात. ऑक्सफर्डच्या एका तरुणाचं उदाहरण वेस्लीनं दिलं आहे. त्याची कमाई वर्षाला ३० पौंड होती तेव्हा तो २८ पौंडांत राही आणि २ देई. पुढे कमाई ६०, ९०, १२० पौंड झाली, पण तो राहिला २८ पौंडांतच आणि बाकीचे देत गेला. हा तरुण म्हणजे वेस्ली स्वतःच, असं मानलं जातं.

याच वेस्लीला म्हातारपणी एका गोष्टीची चिंता लागली होती. धर्म माणसाला कष्टाळू आणि काटकसरी करतो. कष्ट आणि काटकसर यांमुळे पैसा येतो. आणि पैसा आला की गर्व, हौस वाढते आणि धर्म पातळ होतो. म्हणजे धर्मच आपल्या ऱ्हासाची सोय करून ठेवतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यानं प्रॉटेस्टंट नीतीवरच्या आपल्या निबंधात वेस्लीच्या या चिंतेची खास दखल घेतली. धर्म बाजूला ठेवून या जागी 'संस्कार' शब्द घातला तर ती चिंता कुठल्याही देशांतर केलेल्या कुटुंबाची वाटेल. ज्या गुणांनी घर उभं राहिलं, ते गुण त्या घरात वाढलेल्या मुलांना कुठून मिळायचे?

अमेरिकेत या शिकवणीला आणखी एक फाटा फुटला. अँड्र्यू कार्नेगी यानं १८८९ साली लिहिलं, की श्रीमंतानं जिवंतपणीच आपली संपत्ती लोकांच्या भल्यासाठी वाटून टाकावी. गडगंज राहून मरणं त्याला लाजिरवाणं वाटे. त्यानं खरोखर हजारो ग्रंथालयं बांधली. आपल्या मुलांनी त्यातल्या एखाद्या ग्रंथालयातून पुस्तकं आणलीही असतील. पण त्याच्याच पोलाद कारखान्यात, होमस्टेडला, १८९२ साली कामगारांच्या मजुरीवरून रक्तपात झाला. ग्रंथालयाला दिलेलं दान मोठं, आणि न दिलेली मजुरीही मोठी. दोन्ही एकाच वहीत लिहायला हवं.

त्याच सुमाराला फिलाडेल्फियात रसेल कॉनवेल नावाचे बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते. श्रीमंत होणं हे तुमचं कर्तव्यच आहे, असं सांगणारं एक व्याख्यान त्यांनी सहा हजारांवर वेळा दिलं म्हणतात. त्यातून आलेल्या पैशावर त्यांनी गरीब मुलांना शिकवलं. टेंपल युनिव्हर्सिटी ही त्यांचीच. पण पुढे टीव्हीचा जमाना आला आणि सूत्र आणखी सोपं झालं: देवाला द्या, देव दामदुपटीनं परत करील. चेकचं पाकीट हे जणू बियाणं. यातले एक बडे टीव्ही-उपदेशक जिम बेकर यांना १९८९ साली भाविकांच्या फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. तरी ही शिकवण संपली नाही. नवसाची पावती फाडून त्याच्या मोबदल्याची वाट पाहणं हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही. म्हणूनच त्याला हसण्याची घाई आपण करू नये.

देवाला नको असलेली पूजा

पूजेबद्दल बायबल काय म्हणतं? सगळ्यांत कडक शब्द आहेत ते जुन्या करारातल्या आमोसचे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला हा तकोवाचा मेंढपाळ. देशात सुबत्ता होती, देवळं गजबजलेली होती, आणि गरिबाला चपलेच्या जोडाएवढ्या किमतीला विकलं जात होतं. आमोसनं देवाच्या वतीनं सांगून टाकलं, तुमचे उत्सव मला नकोत, तुमच्या भजनांचा गोंगाट थांबवा, आधी न्याय वाहू द्या पाण्यासारखा. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला मार्टिन लूथर किंग यांनी जे भाषण केलं, त्यात त्यांनी आमोसची हीच प्रतिमा वापरली. मुलांच्या शाळेत दर जानेवारीत त्या भाषणाचा उल्लेख होतो. तिचं मूळ अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका मेंढपाळाकडे आहे, हे मुलांना जरूर सांगावं.

येशूनं हाच धागा पुढे नेला. वेदीपाशी दान घेऊन गेलात आणि आठवलं की भावाचं आपल्याशी काही बिनसलंय, तर दान तिथंच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग येऊन अर्पण करा. किती अडचणीची सूचना! पुण्याच्या फ्लॅटच्या वाटणीवरून भावाशी दहा वर्षं अबोला असलेल्या कुणालाही विचारा. पूजा सोपी, फोन कठीण.

मंदिराच्या आवारातून येशूनं सराफांना आणि कबुतरं विकणाऱ्यांना हाकललं, हा प्रसंग आपण ऐकलेला असतो. त्यामागचा व्यवहार मात्र माहीत नसतो. मंदिराचा कर सोर शहराच्या चांदीच्या नाण्यात भरावा लागे. म्हणून सराफ बसत आणि बदलून देण्याचा बट्टा घेत. कबुतरं हा गरिबांचा बळी. ज्याला कोकरू परवडत नाही त्यानं कबुतरं द्यावीत, अशी नियमातच सवलत होती. येशूच्या जन्मानंतर मरीया आणि योसेफ यांनीही कबुतरांच्या अर्पणाचीच ही सवलत घेतली, असं लूक सांगतो. कबुतरवाल्यांचे चौरंग उलथताना येशूला आपलंच घर आठवलं असेल का, कोण जाणे.

आणखी एक प्रसंग आपल्या मंडळांच्या कार्यकारिणीनं फ्रेम करून लावावा असा आहे. करिंथ शहरातले पहिले ख्रिस्ती लोक प्रभुभोजनासाठी एकत्र जमत. म्हणजे एका अर्थी पॉटलकच. खाऊनपिऊन सुखी असलेली मंडळी लवकर येत आणि जेवून घेत. मजूर आणि गुलाम काम संपवून येईपर्यंत अन्न संपलेलं असे. पौलानं पत्र लिहून त्यांची चांगलीच हजेरी घेतली: तुम्ही एकत्र जमता त्यानं भलं होण्याऐवजी नुकसानच होतं, जेवायचंच होतं तर घरं नव्हती का? याकोबच्या पत्रातही तसाच टोला आहे. सोन्याची अंगठी घातलेला आला की त्याला पुढची जागा, आणि मळक्या कपड्यातला आला की तिकडे उभा राहा, नाहीतर पायाशी बस. एवढं असूनही पुढे अमेरिकेत कित्येक चर्चमधली बाकं पैसे भरणाऱ्या कुटुंबांना भाड्यानं दिली जात, पैसेवाले पुढे आणि बाकीचे मागे. ग्रंथ आणि आचरण यांच्यातलं अंतर ही कुणा एका धर्माची मिरासदारी नाही.

पटत नाही आणि पटवून घ्यायचं नाही

आता पुन्हा लाजरच्या गोष्टीकडे वळू, कारण तिचा शेवट अजून सांगायचा राहिला आहे. आपली सुटका नाही हे कळल्यावर श्रीमंत म्हणतो, निदान माझ्या पाच भावांकडे लाजरला पाठव, ते तरी सावध होतील. अब्राहाम म्हणतो, त्यांच्याकडे मोशे आणि संदेष्ट्यांची वचनं आहेत, ती ऐकू देत. श्रीमंत म्हणतो, तेवढ्यानं नाही भागणार, मेलेला माणूस उठून गेला तर ऐकतील. अब्राहामाचं शेवटचं उत्तर असं, की जे मोशेचं ऐकत नाहीत ते मेलेला उठून आला तरी ऐकणार नाहीत.

यात माणसाच्या मनाची फार बारीक पारख आहे. भावांना पुरावा कमी पडत नव्हता. गरिबाकडे पाहा, हे त्यांच्या धर्मग्रंथात पानोपानी होतं. ऐकलं तर दार उघडावं लागलं असतं, म्हणून ऐकायचं नव्हतं. योहानाच्या शुभवर्तमानातही येशूची तक्रार अशीच आहे: एकमेकांकडून मानसन्मान घेण्यात गुंतलेल्या तुम्हाला विश्वास ठेवणं जमणार कसं? न पटणं आणि पटवून न घेणं या दोन गोष्टी बायबल वेगळ्या मानतं.

आणि खरोखर न पटणाऱ्याशी वागणूक कशी? थोमा म्हणाला, जखमा हातानं चाचपल्याशिवाय मी मानणार नाही. त्याला शिष्यांतून काढून टाकलं नाही. आठ दिवसांनी येशू आला आणि म्हणाला, लाव हात. परंपरा सांगते की हाच शंकेखोर थोमा इ. स. ५२ मध्ये केरळात उतरला. तसाच एक आजारी मुलाचा बाप. तो येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, आणि त्याच दमात, माझा अविश्वास घालवायला मदत करा. श्रद्धा आणि शंका एकाच वाक्यात! तरी मुलगा बरा झाला. अर्धवट विश्वासाबद्दल बापाला कुणी बोल लावला नाही.

याची दोन चांगली उदाहरणं आपल्याच मराठी माणसांची आहेत. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथं ख्रिस्ती झाल्या. पण म्हणून त्यांनी मान तुकवली नाही. तिथल्या जोगिणींशी त्रैक्याच्या सिद्धान्तावरून त्यांनी पत्रांतून वाद घातले, क्रुसावर लॅटिनच अक्षरं का, संस्कृत का नकोत, असं विचारलं. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या जोखडाखाली जायला त्यांची तयारी नव्हती. त्या १८८६ साली अमेरिकेत आल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला हजर राहिल्या आणि गावोगाव व्याख्यानं दिली. त्यातून १८८७ साली बोस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन उभी राहिली. इथल्या साध्यासुध्या लोकांच्या वर्गणीतून १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघालं. पुढे १८९६ पासूनच्या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो निराधार मुली केडगावच्या मुक्तीत आणल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं. ज्यांच्या शंका इतक्या धारदार, त्यांचं दार इतकं सताड उघडं. परदेशातून मायदेशी काम उभं करणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या त्या पूर्वसूरीच म्हणायच्या.

दुसरं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो असं ते सांगत. लक्ष्मीबाई त्यांच्यामागे लगेच गेल्या नाहीत. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, सोवळंओवळं पाळत राहिल्या. मन बदललं ते त्यांच्या स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या वेळी. 'स्मृतिचित्रे' वाचताना कळतं की टिळकांना पैसा हातात धरता येत नसे, आणि त्याची झळ संसाराला किती बसे. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगारही सोडला. देणाऱ्याचं कौतुक जग करतं. रिकाम्या डब्यांकडे पाहून स्वयंपाक करणारीचा हिशेब मात्र लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवला, आणि तोही हसत हसत. दानाबद्दलच्या कुठल्याही प्रवचनाला ही बाजू जोडायला हवी.

आपल्यापुरतं

इथली चर्च आता ओसरताहेत. गॅलप संस्थेच्या पाहणीत १९९९ साली ७० टक्के अमेरिकन लोक कुठल्या ना कुठल्या प्रार्थनास्थळाचे सभासद होते. २०२० साली ते प्रमाण ४७ टक्क्यांवर आलं. आपली देवळं मात्र वाढताहेत. गोपुरं चढताहेत, संगमरवर येतोय, देणगीदारांच्या पाट्या लागताहेत. चांगली गोष्ट आहे. मुलांना हक्काची जागा मिळाली, आजी-आजोबांना सोबत मिळाली. पण ज्या चर्चच्या तळघरात आपण सुरुवात केली, त्यांनाही एकेकाळी असंच वाटलं होतं, की इमारत झाली म्हणजे पुढची पिढी आपोआप येईल.

मुलं मोठी झाली की विचारतात, "हे सगळं तुम्ही खरंच मानता का?" आपल्याला वाटतं, ही इथली हवा लागली. पण प्रश्नाचा रोख बहुधा देवावर नसतो, आपल्यावर असतो. पूजेला जमलेल्या घरात काय बोललं जातं, कुणाची थट्टा होते, कुणाला मान मिळतो, हे मुलं बघत असतात. थोमासारखी शंका विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवू नये, हात लावून बघू द्यावं. आणि हात लावायला काही असलं पाहिजे, हे आपण बघावं.

दारातले लाजर शोधायला लांब जावं लागत नाही. नोकरी गेल्यामुळे व्हिसाची मुदत मोजत बसलेलं आणि मंडळाची वर्गणी परवडत नाही म्हणून कार्यक्रमाला न येणारं एखादं जोडपं असतं. भाषा येत नाही म्हणून दिवसभर खिडकीशी बसलेल्या कुणाच्या तरी सासूबाई असतात. आपल्याच हॉलची फरशी रात्री अकरा वाजता पुसणारा, आपल्याला 'गुड नाईट' म्हणणारा माणूस असतो. त्याचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

सुईचं नाक रुंद होणार नाही, दोन हजार वर्षांत झालेलं नाही. पण लाजरच्या गोष्टीत ते पाच भाऊ अजून जिवंत आहेत. पुढे त्यांनी काय केलं, हे लूकनं लिहिलेलं नाही.